स्पिनांच्या साखळीतून जाणारी उष्णता मोजायची कशी? ठाणे-नवी मुंबईतल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

लँथनम, कॅल्शियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा एक काळा स्फटिक आहे. वीज त्यातून जवळजवळ वाहत नाही. पण एका ठरावीक दिशेने उष्णता सोडली, तर १४० केल्विनच्या आसपास त्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे १०० वॅटच्या घरात जाते, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या पितळेच्या तोडीची. त्याच स्फटिकात काटकोनात मोजलं की आकडा जेमतेम काही वॅटवर येतो. ही जास्तीची उष्णता इलेक्ट्रॉन वाहत नाहीत. जाळीची कंपनं, म्हणजे फोनॉन, तीही तिच्यासाठी पुरेशी नाहीत. ती वाहतात स्फटिकातले स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे चिमुकले चुंबक.

ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल या भागातल्या महाविद्यालयांतून एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी मला नेहमी विचारतात की हा विषय आपल्याला झेपेल का. झेपतो. त्यासाठी दहा टेस्लाचं चुंबक आणि हेलियम असलंच पाहिजे असं नाही. द्रव नायट्रोजनवर चालणारा साधा क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड ठेवणारं पात्र), चांगला व्हॅक्यूम पंप, एक नॅनोव्होल्टमीटर आणि भरपूर सबुरी एवढ्यावर या विषयातला एक मोठा परिणाम आपल्या डोळ्यांनी बघता येतो. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायची: स्पिनांनी वाहिलेली उष्णता कुठलंही यंत्र थेट दाखवत नाही. यंत्र एकूण उष्णता दाखवतं आणि स्पिनांचा वाटा वजाबाकी करून काढावा लागतो. त्यामुळे पुढची प्रत्येक पायरी त्या वजाबाकीतला आकडा भरवशाचा व्हावा यासाठी आहे.

आधी थोडं भौतिकशास्त्र

धातूत उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहतात, आणि वीज व उष्णता यांच्या वाहकतांचं गुणोत्तर ठरलेलं असतं, हा विडेमन-फ्रान्झ नियम १८५३ पासून माहीत आहे. चुंबकीय निरोधकात इलेक्ट्रॉन आपापल्या अणूपाशी बांधलेले असतात, फक्त त्यांचे स्पिन शेजाऱ्यांशी जोडलेले असतात. एक स्पिन उलटला की त्याची ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते, तिथून पुढच्याकडे. आग विझवताना विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून बादली हातोहात पुढे देतात, तसंच हे. माणूस जागचा हलत नाही, पाणी मात्र पोहोचतं.

शेजाऱ्यांमधल्या या जोडणीची ताकद ‘जे’ या अक्षराने दाखवतात आणि सोयीसाठी ती केल्विनमध्ये सांगतात. स्पिन एका रेषेत जोडलेले असतील तर स्पिन-साखळी. दोन साखळ्या आडव्या पायऱ्यांनी जोडल्या तर स्पिन-शिडी. पातळ थरात पसरले तर द्विमितीय चुंबक. मिती जितकी कमी, तितकी क्वांटम चढउतारांची सत्ता जास्त, आणि त्यामुळे नेहमीचा चुंबकीय क्रम टिकत नाही.

एकमितीय स्पिन-अर्धा साखळीची गोष्ट खास आहे. हान्स बेथे यांनी १९३१ मध्ये तिचं अचूक उत्तर काढलं. १९६२ मध्ये दे क्लॉइझो आणि पिअरसन यांनी तिच्यातल्या उत्तेजनांची ऊर्जा कशी बदलते हे सांगितलं. ही उत्तेजनं, म्हणजे साखळीतून ऊर्जा घेऊन धावणाऱ्या लहरी, यांना स्पिनॉन म्हणतात. आणि १९९७ मध्ये झोटोस, नेफ आणि प्रेलोव्शेक यांनी दाखवलं की आदर्श हायझेनबर्ग साखळीत ऊर्जेचा एकूण प्रवाह ही अक्षय राशी आहे. एकदा सुरू झालेला उष्णतेचा प्रवाह साखळीच्या आतल्या टकरींनी कधीच विरत नाही. म्हणजे आदर्श साखळीची उष्णतावाहकता कुठल्याही तापमानाला अनंत! खऱ्या स्फटिकात ती सान्त राहते ती फोनॉन, अशुद्धी आणि तुटलेल्या साखळ्या यांच्यामुळे. म्हणून या द्रव्यांची उष्णतावाहकता मोजणं म्हणजे एका परीने स्फटिकातल्या दोषांची मोजदाद करणं आहे.

याचा सुंदर पुरावा २०१० मध्ये मिळाला. एसआरसीयूओ२ (स्ट्रॉन्शियम, तांबं आणि ऑक्सिजन) या साखळीच्या द्रव्याचे स्फटिक ९९ टक्के शुद्ध कच्च्या मालापासून आणि ९९.९९ टक्के शुद्ध मालापासून असे दोन्ही प्रकारे वाढवले. शुद्ध मालाच्या स्फटिकात साखळीच्या दिशेची वाहकता कमी तापमानाला कितीतरी वर गेली. मापनाच्या पद्धतीत काही बदललं नव्हतं, बदलली होती फक्त रसायनांची प्रत. प्रकल्पाच्या अर्जात रसायनांच्या शुद्धतेसाठी पैसे मागताना संकोच वाटला, तर हा प्रयोग आठवावा.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. याच साखळीत उष्णता अडथळ्याविना वाहते, पण स्पिन स्वतः तसा वाहत नाही. उच्च तापमानाला त्याचा प्रसार साध्या विसरणापेक्षा जलद आणि मुक्त धावेपेक्षा संथ होतो. २०१९ च्या सुमारास संगणकीय कामांतून हे स्पष्ट झालं आणि २०२१ मध्ये केसीयूएफ३ या स्फटिकावर न्यूट्रॉन विकिरणाने (स्फटिकावर सोडलेले न्यूट्रॉन कसे विखुरतात ते बघून) त्याची खूण सापडली. त्याच स्पिनांचा त्याच रेषेतला प्रवास, पण ऊर्जेचा नियम वेगळा आणि चुंबकत्वाचा वेगळा.

द्रव्य निवडताना आधी आपला क्रायोस्टॅट बघा

बहुतेक विद्यार्थी आधी गाजलेलं द्रव्य निवडतात आणि मग सोय शोधत फिरतात. उलट करा. आपल्याकडे कुठलं तापमान आणि किती चुंबकीय क्षेत्र मिळतं ते आधी लिहून काढा आणि त्यात बसेल अशा ‘जे’चं द्रव्य निवडा.

द्रव नायट्रोजन ७७ केल्विन देतो. त्यावरची वाफ पंपाने ओढली तर ६३ केल्विनपर्यंत जाता येतं, त्याखाली नायट्रोजन गोठतो. म्हणजे आपला पट्टा ६५ ते ३०० केल्विन. यात चपखल बसते ती स्पिन-शिडी, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘चौदा-चोवीस-एकेचाळीस’ म्हणतात ते कुटुंब: १४ स्ट्रॉन्शियम, २४ तांबं, ४१ ऑक्सिजन. स्ट्रॉन्शियमच्या जागी ५ लँथनम आणि ९ कॅल्शियम घातले की लेखाच्या सुरुवातीचा स्फटिक मिळतो. यातल्या शिडीच्या उत्तेजनांना सुमारे ४०० केल्विनची ऊर्जा-फट (उत्तेजन उठायला लागणारी किमान ऊर्जा) ओलांडावी लागते. म्हणून फार थंडीत स्पिनांचा वाटा शून्यावर जातो, तापमान वाढलं की तो झपाट्याने चढतो आणि १४० केल्विनच्या आसपास शिखर गाठून उतरतो. फोनॉनचं शिखर २०-३० केल्विनजवळ, कितीतरी खाली असतं. दोन्ही शिखरं एकमेकांपासून इतकी दूर असल्यामुळे वजाबाकी सोपी होते. नवशिक्यासाठी याहून चांगलं द्रव्य मला माहीत नाही.

एसआर२सीयूओ३ आणि एसआरसीयूओ२ या साखळ्यांत ‘जे’ २००० केल्विनच्या वर आहे. इथे ऊर्जा-फट नाही, त्यामुळे स्पिनांचा वाटा फोनॉनच्या शिखरावर खांद्यासारखा चढून बसतो. वेगळा काढणं अवघड, आणि खरा खेळ ५० केल्विनच्या खाली. हेलियमची सोय असेल तरच या वाटेला जा.

तिसरा पर्याय कॉपर पायराझिन डायनायट्रेट. याचे निळे स्फटिक कॉपर नायट्रेट आणि पायराझिन समप्रमाणात पाण्यात विरघळवून, हळूहळू बाष्पीभवन होऊ देऊन महाविद्यालयाच्या टेबलावर वाढवता येतात. यात ‘जे’ सुमारे १०.३ केल्विन. म्हणजे मापन काही केल्विनच्या खाली, पण बक्षीसही मोठं आहे: साधारण १५ टेस्लाच्या क्षेत्रात सगळे स्पिन एका दिशेला वळतात आणि साखळीची अवस्थाच बदलते. क्षेत्र फिरवून स्पिनांचा वाटा चालू-बंद करता येतो. तुलनेसाठी हिशेब करा. संपूर्ण वळवायला लागणारं क्षेत्र ‘जे’च्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे २००० केल्विनच्या साखळीला ३००० टेस्लाच्या आसपास लागतील. तिथे क्षेत्राचा उपाय बादच. हे स्फटिक नायट्रेट आणि सेंद्रिय रेणू यांचे आहेत, तेव्हा ते कोरडे करण्यासाठी ओव्हनमध्ये तापवू नका. टिपकागदावर ठेवून हवेतच वाळवा.

आपल्या ओळखीचं मोरचूदही या कुळातलं आहे. द्राक्षबागांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं हेच मीठ. त्याच्या स्फटिकातल्या तांब्याच्या दोन प्रकारच्या जागांपैकी एका जागेवरचे स्पिन साखळ्या करतात. २०१३ मध्ये न्यूट्रॉन विकिरणाने त्यातले दोन आणि चार स्पिनॉनचे पट्टे वेगळे मोजले गेले. पण ‘जे’ जेमतेम ३ केल्विन आहे, त्यामुळे उष्णतावाहकतेसाठी ते आपल्या आवाक्याबाहेरचं.

स्फटिक: दिशा, काप आणि आपला पावसाळा

शिडीचे मोठे स्फटिक फ्लोटिंग झोन भट्टीत वाढवावे लागतात. ती भट्टी महाविद्यालयात नसते, म्हणून स्फटिक वाढवणाऱ्या गटाकडून छोटा तुकडा मागून घ्यायचा. मागताना सोबत लाउए छायाचित्र (क्ष-किरणांनी घेतलेलं, स्फटिकाच्या दिशा दाखवणारं) मागा, म्हणजे सी-दिशा, शिडीची दिशा, नक्की कुठली ते कळेल.

दिशेची चूक किती महागात पडते ते आकड्यांत बघू. समजा शिडीच्या दिशेची वाहकता १०० आणि काटकोनातली ३ आहे, आणि लांब-बारीक काडी ५ अंशांनी तिरकी कापली गेली. बारीक काडीत उष्णतेला काडीच्या लांबीनेच जावं लागतं, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर ती थोडी शिड्या ओलांडून जाते. हिशेब केला तर १०० ऐवजी ८० वाचायला मिळतात. पाच अंशांत वीस टक्के! काटकोनातल्या काडीला तीच ५ अंशांची चूक जवळपास काही करत नाही, ३ चे ३.०२ होतात. म्हणून सगळी मेहनत सी-दिशेच्या काडीवर घ्या आणि तिरकेपणा दोन अंशांच्या आत ठेवा.

काडीचं माप साधारण ३ ते ४ मिलिमीटर लांब, १ रुंद, अर्धा जाड. चौदा-चोवीस-एकेचाळीसचे स्फटिक थरांच्या बाजूने सहज उकलतात. दाब देऊ नका, तारेच्या करवतीने सावकाश कापा.

एसआर२सीयूओ३ वर काम करणार असाल तर मात्र आपल्या हवामानाची गाठ आहे. हे द्रव्य ओल सहन करत नाही. कापताना पाणी चालत नाही, पाणीरहित तेल वापरा आणि कोरड्या द्रावकाने धुवा. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या आपल्या शहरांत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या पुढे सहज जाते. चकचकीत पृष्ठभाग उघड्यावर राहिला की त्यावर पांढुरकी साय धरते, आणि तिच्यावर लावलेला कॉन्टॅक्ट (तारेचा जोड) तापमान बदलताच निसटतो. उपाय साधा आहे: डेसिकेटरमध्ये निळी सिलिका जेल. ती गुलाबी दिसायला लागली की तळाची निळी आहे म्हणून थांबू नका, लगेच ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा निळी करून घ्या. दोन डबे ठेवले तर एक तापत असताना दुसरा कामात राहतो. कॉन्टॅक्ट लावायचे दिवस पावसाळ्यात शक्यतो धरूच नका. धरलेच, तर खोलीतलं डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू ठेवा.

जोडणी

पद्धत जुनी आणि सरळ आहे. काडीचं एक टोक तांब्याच्या थंड पायावर चिकटवायचं, दुसऱ्या टोकाला छोटा हीटर, मध्ये दोन ठिकाणी तापमान मोजायचं. हीटरची शक्ती, दोन बिंदूंमधलं अंतर, काडीचा छेद आणि तापमानातला फरक एवढ्यावरून वाहकता निघते.

पायाला चिकटवायला सिल्व्हर इपॉक्सी उत्तम. हीटर म्हणून एक किलोओहमचा चिप रेझिस्टर घ्या. त्याला चार तारा जोडा, दोन प्रवाहाच्या आणि दोन व्होल्टेजच्या, नाहीतर तारांत खर्च झालेली शक्ती सॅम्पलच्या नावावर मांडली जाते. तारा मँगनिनच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या, २५ मायक्रॉनच्या. तांब्याची तार इथे वापरू नका, खोलीच्या तापमानाला ती मँगनिनच्या जवळपास वीस पट उष्णता पळवते आणि थंडीत आणखी जास्त.

तापमानातला फरक मोजायला ६५ ते ३०० केल्विनच्या पट्ट्यात क्रोमेल-कॉन्स्टन्टन थर्मोकपल बरं. ७७ केल्विनला ते केल्विनमागे २५ ते २७ मायक्रोव्होल्ट देतं. अर्ध्या केल्विनचा फरक म्हणजे तेरा मायक्रोव्होल्ट. त्यात एक टक्का अचूकता हवी तर मीटरला ०.१३ मायक्रोव्होल्ट स्पष्ट दिसला पाहिजे, म्हणून साधा मल्टिमीटर चालत नाही. १० केल्विनच्या खाली थर्मोकपलची संवेदनशीलता फार घसरते, तिथे सेर्नॉक्ससारखे रोधक-तापमापी लागतात.

कॉन्टॅक्ट लावण्याचं काम मायक्रोस्कोपखाली जवळून शिकावं असं आहे. सिल्व्हर पेंटची बाटली आधी नीट ढवळा, तळाशी बसलेली चांदी वर आली पाहिजे. टूथपिकच्या टोकाला पेंट घ्या आणि आधी काचपट्टीवर एक-दोन ठिपके टेकवून जास्तीचा उतरवा. मग तार काडीवर आडवी टेकवून ठेवा आणि ठिपका तारेवर सोडा. पेंट तारेच्या दोन्ही बाजूंना पसरून एक अरुंद पट्टी होते आणि काही सेकंदांत तिची चकाकी जाऊन राखाडी होते. त्या काही सेकंदांत हात हलला तर पट्टी रुंद होते. आणि इथेच या पद्धतीची सर्वांत मोठी चूक जन्म घेते: कॉन्टॅक्टची रुंदी ०.२ मिलिमीटर आणि दोन कॉन्टॅक्टमधलं अंतर २ मिलिमीटर असेल, तर अंतराची अनिश्चितता दहा टक्के झाली. बाकी कितीही काळजी घेतली तरी वाहकतेच्या आकड्यात ही दहा टक्के राहणार. पट्टी अरुंद करा, अंतर वाढवा, आणि मायक्रोस्कोपचं छायाचित्र मोजपट्टीसह जपून ठेवा.

कॉन्टॅक्ट टोकांच्या फार जवळ ठेवू नका, याला आणखी एक खोल कारण आहे. हीटरमधून उष्णता आधी फोनॉनांत जाते, फोनॉनांकडून स्पिनांत. तापमापीही फोनॉनांचंच तापमान वाचतो. फोनॉन आणि स्पिन यांची देवाणघेवाण सावकाश असेल तर टोकांजवळ दोघांची तापमानं वेगळी असतात आणि वाहकता चुकीची निघते. सँडर्स आणि वॉल्टन यांनी १९७७ मध्ये याचा हिशेब मांडला. सी-दिशेच्या काडीत स्पिनच मुख्य वाहक असल्याने तिथे हा मुद्दा जास्त लागू होतो.

गळती

व्हॅक्यूम मिलिबारच्या एक लाखांशापर्यंत न्या. उरलेला वायू काडीच्या बाजूने उष्णता नेतो आणि वाहकता खोटी वाढलेली दिसते.

त्याहून चिवट गळती प्रारणाची. ३०० केल्विनला काळ्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरमागे, दर केल्विन फरकाला सुमारे ६ वॅट जातात. आपल्या ३ मिलिमीटरच्या काडीचा बाजूचा पृष्ठभाग ९ चौरस मिलिमीटर, म्हणजे गळती केल्विनमागे सुमारे ५५ मायक्रोवॅट. काटकोनातल्या दिशेची वाहकता ३ असेल तर संपूर्ण काडी केल्विनमागे ५०० मायक्रोवॅट नेते. तापमान काडीभर एकसारखं चढत जातं, म्हणून गळतीचा परिणाम निम्मा धरला तरी पाच टक्के होतो. हीटरच्या स्वतःच्या पृष्ठभागाची गळती वेगळीच. सी-दिशेला मात्र हे प्रमाण हजारात एक-दोन भाग. १०० केल्विनला प्रारण २७ पटीने कमी होतं आणि प्रश्न मिटतो. थोडक्यात, २०० केल्विनच्या वरचे काटकोनातले आकडे सावधपणे वाचा. सॅम्पलभोवती तांब्याचं चकचकीत आवरण पायाला जोडून लावलं की बराच फायदा होतो.

खऱ्या सॅम्पलला हात लावण्याआधी त्याच मापाची स्टेनलेस स्टील ३०४ ची काडी मोजा. ३०० केल्विनला १५ आणि १०० केल्विनला ९ च्या आसपास यायला हवेत. १०० ला जुळलं आणि ३०० ला जास्त आलं तर प्रारण. दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात चुकलं तर अंतर किंवा छेद मोजण्यात गडबड. ही पायरी टाळणाऱ्यांचे आकडे मी विश्वासाने वाचत नाही.

मोजणी

आधी हिशेब करून शक्ती ठरवा. सी-दिशा, वाहकता १००, छेद अर्धा चौरस मिलिमीटर, अंतर २ मिलिमीटर: अर्ध्या केल्विनच्या फरकाला साडेबारा मिलिवॅट लागतील, म्हणजे एक किलोओहममधून साडेतीन मिलिअँपियर. काटकोनात, वाहकता ३ धरली, तर त्याच फरकाला ०.४ मिलिवॅटसुद्धा लागत नाहीत. दोन्ही दिशांना एकच शक्ती लावली तर एकीकडे फरक दिसणार नाही आणि दुसरीकडे सॅम्पल भलतंच तापेल.

पायाचं तापमान स्थिर करा, मिनिटभरात काही मिलिकेल्विनपेक्षा जास्त सरकता कामा नये. हीटर बंद ठेवून थर्मोकपलचं वाचन घ्या, चालू करा, स्थिर होऊ द्या, वाचा, पुन्हा बंद करून वाचा. दोन बंद वाचनांची सरासरी चालू वाचनातून वजा करा. जोडण्यांत तयार होणारे भटके व्होल्टेज असे निघून जातात. काडी स्वतः काही सेकंदांत स्थिर होते, पण हीटर, तारा आणि कॉन्टॅक्ट मिळून एखादं मिनिट घेतात. घाई करू नका. खोलीतला एसी सतत चालू-बंद होत असेल तर त्याच लयीत वाचन हलताना दिसतं. अशा वेळी मीटरच्या जोडण्यांवर थर्मोकोलचा डबा उपडा ठेवा.

प्रत्येक तापमानाला किमान तीन वेगळ्या शक्ती लावा. शक्ती आणि फरक यांचा आलेख सरळ रेषेत शून्यातून गेला पाहिजे. गेला नाही तर तो बिंदू वापरू नका. सॅम्पलचं तापमान म्हणून पायाचं नव्हे, दोन कॉन्टॅक्टमधलं सरासरी तापमान लिहा.

नायट्रोजनबद्दल दोन शब्द, कारण इथे जिवाशी गाठ आहे. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तीन बाय तीन मीटरच्या, तीन मीटर उंच बंद खोलीत दहा लिटर सांडला तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो, आणि वास नसल्यामुळे कळतही नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि शक्य तर ऑक्सिजन मॉनिटर लावा. भरलेला ड्यूअर (द्रव नायट्रोजनचं दुपदरी भांडं) लिफ्टमधून न्यायचा तर माणसांनी सोबत चढायचं नाही. रबाळे-महापे पट्ट्यातून भरून आणताना बंद काचांच्या गाडीत किंवा लोकलच्या डब्यात तो कधीच नेऊ नका, पुरवठादारालाच पोहोचवायला सांगा.

वजाबाकी

आता सी-दिशेचा आणि काटकोनातला असे दोन वक्र हातात आहेत. काटकोनातला तापमानाबरोबर सतत उतरतो, सी-दिशेच्या वक्राला १४० केल्विनजवळ कुबड दिसतं. नायट्रोजनच्या पट्ट्यात ते कुबड प्रत्यक्ष उमटताना बघणं हा फार मोठा आनंद आहे.

पण काटकोनातला वक्र तसाच वजा करायचा नाही. फोनॉनही दोन्ही दिशांना सारखे वाहत नाहीत. हेलियमपर्यंतची आकडेवारी असेल तर सी-दिशेचं ४० केल्विनखालचं शिखर निव्वळ फोनॉनचं धरून त्यावर कॅलवे यांचं १९५९ चं सूत्र बसवतात आणि तो वक्र वर वाढवतात. तेवढी सोय नसेल तर त्याच दिशेने, त्याच द्रव्यावर प्रकाशित झालेला फोनॉनचा अंदाज घ्या, आणि तो दीडपट व निमपट करून कुबड किती हलतं ते दाखवा. शिडीत ते फारसं हलत नाही, कारण फोनॉनचा वाटाच लहान आहे. परीक्षकाला हे दाखवलं की अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

तिसरा मार्ग अशुद्धीचा. तांब्याच्या जागी एक टक्का जस्त घातलं तर साखळी सरासरी शंभर स्पिनांवर तुटते. तांब्यांमधलं अंतर ३.९ अँगस्ट्रॉम असेल तर तुकड्याची लांबी सुमारे ३९० अँगस्ट्रॉम. स्पिनांचा वाटा तेवढ्याच प्रमाणात खाली आला तर तो खरोखर स्पिनांचा होता हे पक्कं होतं. जस्ताचा फोनॉनांवर फार परिणाम होत नाही, कारण त्याचं वजन तांब्याच्या जवळचं आहे. माझ्या मते सर्वांत खात्रीचा पुरावा हाच.

स्पिनांचा वाटा निघाला की त्यातून सरासरी मुक्त पथ (दोन टकरींमधलं सरासरी अंतर) काढता येतो. साखळीसाठी कमी तापमानाचं सूत्र सुंदर आहे, त्यात ‘जे’ उरतच नाही: वाहकता म्हणजे १.८९ गुणिले १० चा उणे १२ वा घात, गुणिले दर चौरस मीटरमधल्या साखळ्या, गुणिले मुक्त पथ मीटरमध्ये, गुणिले तापमान. एसआर२सीयूओ३ मध्ये साखळीला काटकोनातली एककपेशी १२.७ बाय ३.५ अँगस्ट्रॉमची आहे आणि तिच्यातून दोन साखळ्या जातात. म्हणजे दर चौरस मीटरमध्ये ४.५ गुणिले १० चा १८ वा घात इतक्या साखळ्या. ५० केल्विनला मुक्त पथ १००० अँगस्ट्रॉम असेल तर वाहकता सुमारे ४२ येते. तुमचा आकडा यातून उलटा फिरवा. मुक्त पथ एका अणुअंतरापेक्षा कमी किंवा काडीपेक्षा लांब आला तर वजाबाकीत काहीतरी बिनसलं आहे. शिडीसाठी सूत्रात ऊर्जा-फट येते आणि फटीची किंमत न्यूट्रॉनच्या मापनातून घ्यावी. चांगल्या स्फटिकात शिडीचा कमी तापमानाचा मुक्त पथ ३००० अँगस्ट्रॉमच्या आसपास निघतो, म्हणजे उष्णता साडेसातशेवर पायऱ्या न अडखळता ओलांडते.

पुढे जायचं असेल तर

हेलियमचं तापमान आणि चुंबकीय क्षेत्र लागलं की आपल्या बाजूच्या लोकांना फार दूर जावं लागत नाही. ठाण्याहून पवईची आयआयटी जवळ, कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे. तुर्भ्याहून मानखुर्दमार्गे ट्रॉम्बे अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि तिथे यूजीसी-डीएई कन्सोर्शियमचं मुंबई केंद्र आहे. विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या लोकांना अणुऊर्जा विभागाच्या सुविधा वापरता याव्यात हाच त्या संस्थेचा हेतू, तेव्हा महाविद्यालयातून आलो म्हणून बिचकायचं कारण नाही. ध्रुव अणुभट्टीवरची न्यूट्रॉन उपकरणंही प्रस्ताव देऊन वापरता येतात. प्रवेशाची परवानगी आधी काढावी लागते, म्हणून तारखा ठरवताना ते आठवडे धरा.

प्रस्तावात नायट्रोजनच्या पट्ट्यात घेतलेले स्वतःचे वक्र जोडा: स्टेनलेस स्टीलची तपासणी, शक्ती आणि फरकाच्या सरळ रेषा, कॉन्टॅक्टचं छायाचित्र. त्याखाली नेमकं लिहा की कुठल्या तापमानाला, किती क्षेत्रात, कुठल्या दिशेची काडी मोजायची आहे आणि किती दिवस लागतील. कॉपर पायराझिनसारखं कमी ‘जे’चं द्रव्य असेल तर आधी चुंबकग्राहिता (क्षेत्र लावल्यावर द्रव्य किती चुंबकित होतं ते) मोजून घ्या. बॉनर आणि फिशर यांच्या १९६४ च्या हिशेबानुसार तिचं रुंद शिखर ‘जे’च्या ०.६४ पटीला, म्हणजे साडेसहा केल्विनजवळ येतं. ते तिथे आलं तर स्फटिक बरोबर आहे आणि उष्णतेच्या मापनासाठी वेळ मागायला हरकत नाही.